गाय देण्याआधी गोताला विचारा

प्रति,
पूर्व आफ्रिकेतील मराठी मंडळांचे विश्वस्त, तसेच तेथील दुष्काळग्रस्त पशुपालकांसाठी निधी देणारे सर्व भारतीय देणगीदार यांस,

स. न. वि. वि.

उत्तर केनिया आणि दक्षिण इथिओपिया या कोरड्या टापूतील पशुपालकांसाठी आपण जो निधी गोळा करता, तो कसा खर्च व्हावा याविषयी आग्रहाची विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की हा पैसा नैरोबी, मोम्बासा आणि कंपाला येथील कुटुंबांकडून जसा येतो तसा पुण्या-मुंबईतून आणि लंडनहूनही येतो, आणि देणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या टापूतील मार्साबित किंवा याबेलो ही ठिकाणे पाहण्याचा योग कधी येत नाही. त्यामुळे आपल्या देणगीचे तिकडे पुढे काय होते, हे समजून घेण्याचा हक्क आणि जबाबदारी सर्वांचीच आहे.

या टापूत वर्षातून दोनदा पाऊस पडतो. 2020 च्या अखेरीपासून तो सलग पाच हंगाम हुकला. सोमालिया, इथिओपिया आणि केनिया या तीन देशांत मिळून 1 कोटी 30 लाखांच्या आसपास जनावरे दगावली, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. एकट्या केनियातील आकडा 25 लाखांहून अधिक आहे. त्या काळात अनेकांनी धान्य पाठवले, पाण्याचे टँकर लावले, औषधे दिली, आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. दुष्काळ ओसरल्यावर मात्र मदतीच्या बैठकांत एक प्रस्ताव हमखास पुढे येतो. प्रत्येक उद्ध्वस्त कुटुंबाला एक गाय विकत घेऊन द्यावी, तिच्यासह छायाचित्र घ्यावे आणि देणगीदाराला पाठवावे, असा तो प्रस्ताव असतो. त्यामागील भावना शुद्ध आहे. तरीही एक पशुवैद्यक म्हणून मला स्पष्ट सांगावेसे वाटते, की या टापूत अशा रीतीने दिलेली गाय बहुधा त्या कुटुंबाकडे टिकत नाही, आणि ती न टिकण्यामागे त्या माणसांचा आळस किंवा अज्ञान मुळीच नाही.

माझी विनंती एका वाक्यात मांडतो. जनावरे कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यायची हे तेथील गोताच्या सभेला ठरवू द्यावे, आणि त्या सभेने स्वतःच्या कळपांतून काढलेल्या जनावरांना जोड म्हणून आपला पैसा द्यावा. असे का, हे सविस्तर सांगण्यासाठी मी बोराना लोकांचे उदाहरण घेतो, कारण त्यांची व्यवस्था सर्वांत स्पष्टपणे नोंदली गेली आहे.

बोराना हे ओरोमो समाजापैकी. इथिओपियात याबेलो, दुब्लुक, मोयाले या भागात आणि सीमेपलीकडे केनियाच्या मार्साबित व इसिओलो या काउंट्यांत त्यांची वस्ती आहे. साब्बो आणि गोना अशा दोन मोठ्या शाखा, आणि प्रत्येक शाखेत अनेक गोते, अशी त्यांची रचना आहे. त्यांच्या ‘गदा’ व्यवस्थेत नेतृत्व दर आठ वर्षांनी पुढच्या पिढीगटाकडे जाते, आणि दर आठ वर्षांनी गायो येथे भरणाऱ्या ‘गुमी गायो’ या महासभेत कायदे तपासले व नव्याने घोषित केले जातात. 2016 मध्ये युनेस्कोने ओरोमोंच्या गदा व्यवस्थेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि तेव्हापासून तिची छायाचित्रे जगभर फिरली. त्या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अशी, की या व्यवस्थेच्या पोटात गरिबी आवरण्याची एक पूर्ण यंत्रणा आहे आणि ती गुरांच्या मालकीवर उभी आहे.

तिचे नाव ‘बुसा गोनोफा’. एखाद्या कुटुंबाची गुरे दुष्काळाने, रोगाने किंवा लुटीने गेली, की ते कुटुंब आपल्या गोताकडे दाद मागते. आपल्याकडे पूर्वी गोतसभा भरत, तशी सभा बसते. नुकसान कसे झाले, त्या घरात काम करणारे हात किती, दुभते काही उरले आहे का, कोणाकडे आज किती गुरे आहेत, याची चर्चा सर्वांसमक्ष होते. मग ज्यांच्याकडे आहे ते एकेक जनावर देतात, आणि दिलेले जनावर परत मागता येत नाही. ज्याच्याकडे मोठा कळप असूनही जो सभेत हात आखडता घेतो, त्याची पत गोतात घसरते, आणि ज्या प्रदेशात चराई आणि पाणी या दोन्ही गोष्टी इतरांच्या संमतीवर अवलंबून असतात तेथे पत घसरणे हे मोठे आर्थिक नुकसान असते. म्हणून ही पद्धत दयेवर उभी नाही. उद्या आपल्यावरही हीच वेळ येऊ शकते, हे प्रत्येक कळपवाल्याला ठाऊक असते.

याच्या जोडीला ‘दबारे’ ही दुसरी रीत आहे. आपल्या खेड्यांत शेळी अर्धलीने पाळायला देतात आणि होणारी पिल्ले मालक व पाळणारा वाटून घेतात. दबारेत गाय आणि तिची वासरे मालकाचीच राहतात, परंतु दूध पाळणाऱ्याच्या घरी जाते आणि हे नाते वर्षानुवर्षे चालते. मालकाची गुरे अशा रीतीने निरनिराळ्या भागांत विखुरली जातात, त्यामुळे एका ठिकाणी रोग आला किंवा पाऊस हुकला तरी त्याचे सगळे जात नाही. पाळणाऱ्याच्या मुलांना दूध मिळते आणि गुरे राखणारा म्हणून त्याचे गोतातील स्थान टिकते. शेजारच्या गाब्रा लोकांत हीच रीत उंटांबाबत आहे.

आफ्रिकेत ही गोष्ट एकट्या बोरानांची नाही. नायजरमधील वोडाबे आणि इतर फुलानी पशुपालकांत ‘हब्बानाए’ आहे. त्यात गरजू माणसाला गाय काही वेतांपुरती मिळते, नंतर गाय मालकाकडे परत जाते आणि वासरे पाळणाऱ्याची होतात. सत्तरच्या दशकात साहेल या सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात पडलेल्या भीषण दुष्काळानंतर काही मदतसंस्थांनी आपले पशुवाटप याच रीतीवर बेतले, आणि लोकांना अटी समजावून सांगण्याची गरजच पडली नाही, कारण त्या त्यांच्याच होत्या. बोत्स्वानातील त्स्वाना समाजात ‘माफिसा’ आहे. तेथे मोठा गोधनवाला आपली गुरे गरीब घरांकडे राखायला देतो, आणि त्या घरांना दुधाबरोबर नांगरटीची जोडीही मिळते. आफ्रिकेच्या कोरडवाहू भागात ज्याच्याकडे जोडी नाही त्याची पेरणी उशिरा होते, आणि उशिरा झालेली पेरणी म्हणजे बुडालेला हंगाम असतो.

आता आकडेवारीकडे वळतो, कारण ‘एका कुटुंबाला एक गाय’ हा हिशेब का चुकतो ते तिच्यातून कळते. दक्षिण इथिओपियातील बोराना पठारावर 55 कुटुंबांच्या कळपांचा 1980 ते 1997 अशा 17 वर्षांचा इतिहास संशोधकांनी जमा केला. त्यातून असे दिसले, की ज्या कुटुंबाकडे साधारण पंधरा गुरे शिल्लक राहतात ते दुष्काळानंतर हळूहळू पुन्हा उभे राहते, आणि जे त्या रेषेच्या बरेच खाली घसरते त्याचा कळप पाऊस चांगला झाला तरी आटत जातो आणि शेवटी एखाद्या जनावरावर येऊन थांबतो. यामागचे कारण चराईच्या पद्धतीत आहे. बोराना आपली गुरे दोन भागांत ठेवतात. दुभत्या गायी आणि लहान वासरे वस्तीजवळ राहतात, त्यांना ‘वारा’ म्हणतात, आणि भाकड गुरे, खोंडे, बैल तरण्या मुलांबरोबर दूरच्या कुरणांवर जातात, त्यांना ‘फोरा’ म्हणतात. दूर जाणारा कळप वाचतो, कारण पाऊस जेथे पडला तेथे तो पोहोचतो. परंतु दोन-तीन गायींच्या घराला कळपाची अशी विभागणी करता येत नाही. त्या गायींचे दूध रोज मुलांना हवे असते, म्हणून त्या वस्तीजवळच्या खुरटलेल्या गवतावरच राहतात, आणि पुढचा पाऊस हुकला की सर्वांत आधी त्याच मरतात. त्यापूर्वी घरात कोणी आजारी पडले तर त्या विकाव्या लागतात. शंभर कुटुंबांना शंभर गायी वाटून आपण शंभर कुटुंबांना त्या रेषेच्या खालीच ठेवतो. याउलट गोताने निवडलेल्या थोड्या कुटुंबांना पुरेसा कळप मिळाला, तर ती कुटुंबे उभी राहतात आणि पुढच्या सभेत स्वतः देणारी होतात.

हे वाचून कोणी म्हणेल, की गोताची यंत्रणा इतकी चांगली असेल तर आपल्या मदतीची गरजच काय? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे, आणि त्यासाठी परंपरेचे नुसते गुणगान पुरत नाही. त्याच पठारावरील अभ्यासांतून असेही दिसले आहे, की गोताकडून मिळणारी गुरे एकूण नुकसानीच्या मानाने फार थोडी असतात, आणि जी कुटुंबे अगदी तळाला गेली आहेत त्यांना पुष्कळदा काहीच मिळत नाही, कारण ती पुन्हा उभी राहतील असे देणाऱ्यांना वाटत नाही. आणखी एक अडचण अधिक मूलभूत आहे. एका घरावर संकट आले तर गोत त्याला सावरते. 2020 नंतरच्या दुष्काळासारखे संकट सगळ्या गोतावर एकदम येते, तेव्हा सभेत बसलेल्या प्रत्येकाचा कळप निम्म्याहून खाली आलेला असतो, आणि द्यायची इच्छा असली तरी द्यायला काही उरत नाही. नेमकी हीच पोकळी बाहेरच्या पैशाने भरून काढण्यासारखी आहे. कोण खरोखर गरजू आहे, कोण गुरे सांभाळू शकेल, कोणाच्या मुलांना दुधाची निकड आहे, हे सभेला आपल्यापेक्षा कितीतरी चांगले कळते. तिच्याजवळ नाहीत ती गुरे, आणि ती घेण्यापुरता पैसा आपल्याजवळ आहे. सभेने दोन गायी काढल्या तर आपण आणखी काही द्याव्यात, आणि त्यांचे प्रमाण दोन्ही बाजूंनी बसून आधी ठरवावे. तळाला गेलेल्या घरांचा विचार व्हावा, ही अट आपण अवश्य घालावी, मात्र ती सभेसमोर उघडपणे मांडून आणि तिचे म्हणणे ऐकून घालावी.

येथे एक नोंद करावीशी वाटते. 2021 मध्ये इथिओपियातील ओरोमिया या प्रांताच्या सरकारने बुसा गोनोफा याच नावाने आपली मदतयंत्रणा उभारली आणि लोकांकडून वर्गणी घेण्यास सुरुवात केली. सरकारला स्वतःच्या समाजाच्या रीतीकडे वळावेसे वाटले, ही चांगली गोष्ट आहे. तरीही सरकारी वर्गणी आणि गोताच्या सभेत समोरासमोर दिलेले जनावर यांत फरक आहे, आणि आपला निधी देताना या दोहोंची गल्लत होऊ नये.

परंपरा म्हणून सर्वच रीती सारख्या नसतात, हेही सांगायला हवे. रवांडात वसाहतकाळापूर्वीपासून ‘उबुहाके’ नावाची पद्धत होती. धनी गाय देई आणि घेणारा त्याच्या सेवेत बांधला जाई. ती 1954 मध्ये रद्द झाली. 2006 मध्ये त्याच देशाने ‘गिरिंका’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात गरीब कुटुंबाला गाय मिळते आणि तिची पहिली कालवड त्या कुटुंबाने शेजारच्या गरजू घराला द्यायची असते. जुन्या पद्धतीतील धन्याची गुलामी काढून टाकून गाय देण्याघेण्यातील नाते तेवढे ठेवले गेले, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट आहे. जुलै 2018 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी र्वेरू या गावाला याच कार्यक्रमाअंतर्गत 200 गायी भेट दिल्या, आणि त्या रवांडातच खरेदी केलेल्या होत्या. या घटनेपासून आपल्या लोकांत ‘आफ्रिकेला गाय द्यावी’ ही कल्पना रुजली आहे, असे मला अनेकांशी बोलताना जाणवले. परंतु रवांडा हा दाट वस्तीचा, हिरव्या डोंगरांचा, पुरेशा पावसाचा देश आहे. तेथे गाय दारात बांधून कापलेला चारा घालता येतो आणि एका गायीवर घराचे दूध व शेताचे खत भागते. मार्साबितच्या माळावर दारात बांधलेली गाय काही आठवड्यांत हाडांचा सापळा होते. रवांडाकडून घ्यायचे असेल, तर कालवड पुढे देण्याची अट घ्यावी आणि गायीची जात स्थानिक ठेवावी. एका घराला एक गाय, हे प्रमाण मात्र तेथून उचलून आणू नये.

जातीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. जास्त दूध देणाऱ्या विलायती किंवा संकरित गायी देण्याचा मोह टाळावा. बोरान ही तेथील वशिंडाची जात कोरड्या हंगामात तीन दिवसांतून एकदा पाणी पिऊन राहते, लांबचे अंतर चालते आणि रुक्ष गवतावर गाभण राहते. तेथील लोकांनी पिढ्यान्पिढ्या निवड करून ती घडवली आहे. काही कुटुंबे आता उंट आणि शेळ्यांकडे वळत आहेत, कारण झुडपे वाढली आणि गवत कमी झाले. तो निर्णयही त्यांचाच असावा.

यापुढचा मुद्दा पाण्याचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या देणग्यांचा मोठा भाग विंधनविहिरींवर खर्च होतो. बोराना पठारावर ‘तुला’ नावाच्या नऊ जुन्या विहिरी-समूहांची ख्याती आहे. त्या इतक्या खोल आहेत, की तळापासून वरच्या कुंडापर्यंत माणसांची साखळी उभी करून बादल्या हातोहात वर द्याव्या लागतात, आणि ती माणसे ताल धरण्यासाठी गातात, म्हणून त्यांना गाणाऱ्या विहिरी असेही म्हणतात. प्रत्येक विहिरीवर गुरांच्या पाळीची काटेकोर व्यवस्था असते, आणि ती सांभाळणाऱ्याला ‘अब्बा हेरेगा’ म्हणतात. कोणाची गुरे कोणत्या दिवशी पाणी पितील, वाटसरूच्या गुरांना कधी आत घ्यायचे, हे तो ठरवतो. विहिरीवरील हक्क गोतांचे आहेत, तरी पाणी विकले जात नाही. पाणी उपसायला माणसे पुष्कळ लागतात, म्हणून मोठ्या कळपाच्या मालकाला गरीब घरातील तरुणांची गरज पडते, आणि त्या तरुणाची एकच गाय असली तरी त्याच कुंडावर तिला पाळी मिळते. गरिबाला व्यवस्थेत जागा देणारी ही रचना आहे, आणि त्याच वेळी कुरणाची राखण करणारीही आहे, कारण पाणी मर्यादित राहिले की कोरड्या हंगामातील कुरणावर येणारी गुरेही मर्यादित राहतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथिओपियात सरकारी विकास प्रकल्पाने या पठारावर ठिकठिकाणी तळी खोदली. हेतू चांगला होता. पण जी कुरणे पूर्वी फक्त पावसाळ्यात वापरली जात आणि उरलेले वर्ष विश्रांती घेत, तेथे आता वर्षभर पाणी मिळू लागले, वर्षभर गुरे राहू लागली, लोक कायम वस्ती करू लागले आणि गवत संपले. त्याच सुमारास कुरणे जाळण्यावर सरकारी बंदी आली. बोराना लोक ठरावीक काळाने वाळले गवत जाळून झुडपे आणि गोचिडी आटोक्यात ठेवत असत. बंदीनंतर बाभळीवर्गीय काटेरी झुडपांनी फार मोठे क्षेत्र व्यापले. पाणी आणि संरक्षण या दोन्ही नावांखाली कुरणाचा ऱ्हास झाला, आणि पुढच्या दुष्काळात त्याची किंमत गरिबांच्या गुरांनी मोजली. इसिओलोमध्ये ‘देधा’ ही चराई ठरवणारी वडीलधाऱ्यांची सभा आहे. कोरड्या हंगामासाठी राखून ठेवलेल्या कुरणावर कोण कधी जाईल, हे ती ठरवते. तेव्हा जेथे विंधनविहीर खोदायची आहे तेथे अब्बा हेरेगा किंवा देधाची लेखी संमती आहे का, हा प्रश्न कंत्राटदाराच्या आधी विचारला जावा. त्यांनी नको म्हटले, तर त्यामागे बहुधा कुरणाची राखण असते. अशा वेळी जुन्या विहिरीतील गाळ काढण्याचा खर्च आपण उचलावा.

मदत केव्हा पोहोचते, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आपला निधी बहुतेक वेळा मेलेल्या जनावरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आल्यावर जमा होतो. 2006 च्या दुष्काळात मोयाले भागात एक वेगळा प्रयोग झाला. गुरे अजून चालू शकत होती तेव्हाच व्यापाऱ्यांना तेथे आणले गेले, त्यांना कर्जाची सोय करून दिली गेली, आणि त्यांनी सुमारे 20,000 गुरे सुमारे 10 लाख डॉलरला विकत घेतली. त्या पैशातून कुटुंबांनी स्वतःचे धान्य घेतले आणि उरलेल्या गाभण व दुभत्या गायींसाठी चारा-पाणी घेतले. नंतर केलेल्या अभ्यासात त्या उपक्रमावरील प्रत्येक डॉलरमागे 41 डॉलरचा लाभ झाल्याचे आढळले. आपल्या महाराष्ट्रात दुष्काळात चारा छावण्या लागतात, आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात तोच नमुना असतो. बोराना पठारावर सगळ्या कळपांना छावणीत पोसणे शक्य नाही, आणि लोकांनाही ते नको असते, कारण त्यांच्या दृष्टीने गुरांनी चालत राहणे हाच दुष्काळावरील उपाय आहे. मात्र निवडक गाभण गायींना, म्हणजे उद्याच्या कळपाच्या बीजाला, वेळेवर पूरक चारा दिल्याने त्या वाचतात. तेव्हा निधीचा काही भाग बाजूला काढून ठेवावा आणि पहिला पाऊस हुकताच तो वापरता येईल अशी व्यवस्था असावी. मार्साबितमध्ये 2010 पासून उपग्रहाने टिपलेल्या हिरवाईवर आधारलेला पशुविमा सुरू आहे. कुरण ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक सुकले की भरपाई मिळते, जनावर मेल्याचा पुरावा लागत नाही. गरीब कुटुंबांच्या हप्त्याचा काही भाग उचलणे हेही देणगीचे एक उपयुक्त रूप ठरेल.

स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. गोताच्या सभांत बोलणारे पुरुषच असतात, वारसा प्रामुख्याने मुलांकडे जातो, आणि विधवा किंवा एकट्या बाईचे घर यादीत मागे पडू शकते. घरातील दुधावर मात्र स्त्रीचा अधिकार असतो. कोणत्या वासराला किती सोडायचे, किती दूध मुलांना आणि किती बाजाराला, हे ती ठरवते. 2000 नंतरच्या काळात दक्षिण इथिओपियातील पशुपालक स्त्रियांना उत्तर केनियातील स्त्रियांचे बचतगट दाखवायला नेण्यात आले. परत आल्यावर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी मिळून 59 गट उभे केले. त्यांतून पैसे साचले, शेळ्या आणि खोंडे घेऊन, पोसून विकण्याचा धंदा सुरू झाला, मुले शाळेत गेली. कोणत्याही बाहेरच्या माणसाने शिकवण्यापेक्षा शेजारच्या देशातील, तशाच उन्हात राहणाऱ्या बाईने दाखवलेले अधिक पटते, हे या प्रयोगाचे सार आहे. आपल्या निधीतून अशा भेटींचा प्रवासखर्च दिला, तर तो गायीच्या किमतीहून कितीतरी कमी येईल. ज्या कुटुंबांना पुन्हा गुरांकडे जायचेच नाही किंवा जाता येणार नाही, त्यांच्यासाठीही हे गट हा खरा आधार आहे. प्रत्येक गरीब घर कळपवाले व्हावे असा आग्रह धरणे हाही त्यांच्यावर अन्यायच होईल.

आपल्या काही बैठकांत ‘हे लोक मागासलेल्या रीतींमुळे गरीब आहेत’ असे वाक्य कानावर येते, म्हणून थोडा इतिहास सांगतो. ब्रिटिश राजवटीत उत्तर केनिया हा बंद मुलूख होता, तेथे ये-जा करायला परवाना लागत असे. स्वातंत्र्यानंतर 1965 च्या सरकारी धोरणपत्राने विकासाचा पैसा चांगली जमीन आणि चांगला पाऊस असलेल्या भागांत घालावा असे ठरवले, आणि कोरडा उत्तर भाग रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या रांगेत शेवटी राहिला. साठच्या दशकातील सशस्त्र संघर्षात इसिओलोच्या बोरानांचे कळप मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, आणि अनेक घरे त्यातून आजही सावरलेली नाहीत. त्याआधी 1887 नंतर आलेल्या बुळकांडीच्या साथीने पूर्व आफ्रिकेतील बहुसंख्य गुरे मारली. ती साथ इटालियन सैन्यासाठी भारतातून मसावा बंदरात आणलेल्या गुरांबरोबर आली, असे पशुवैद्यकशास्त्राच्या इतिहासात सामान्यतः मानले जाते. 2011 मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. शेवटच्या टप्प्यात इथिओपियातील अफार, युगांडातील करामोजा आणि दक्षिण सुदान येथे शीतसाखळीशिवाय टिकणारी लस घेऊन कळपांमागे चालणारे लसटोचक हे त्याच पशुपालकांपैकी होते. जेथे आमच्यासारखे पदवीधर पोहोचू शकले नाहीत तेथे ते पोहोचले. कळप कोठे आहे, कोणत्या गायीला कधी रोग झाला होता, हे त्यांना तोंडपाठ होते.

मालकी वैयक्तिक केली, कुंपणे घातली, की प्रगती होते, या समजुतीचाही अनुभव आफ्रिकेने घेतला आहे. बोत्स्वानाने 1975 मध्ये चराईच्या जमिनींचे नवे धोरण आणले आणि मोठ्या गोधनवाल्यांना कुंपणाची कुरणे दिली. ते सामायिक कुरणातून बाहेर पडतील आणि गरिबांना जागा मोकळी होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांना स्वतःचे कुरणही राहिले आणि सामायिक कुरणावरचा हक्कही, आणि अडचण लहान कळपवाल्यांची झाली. केनियात 2016 च्या सामुदायिक जमीन कायद्याने समाजांना आपली जमीन एकत्रितपणे नोंदवता येते, परंतु नोंदणीचे काम किचकट आणि खर्चिक आहे. नैरोबीत आपल्या समाजात नामांकित वकील आहेत. त्यांनी या नोंदणीसाठी आपला काही वेळ विनामूल्य दिला, तर ती मदत कोणत्याही गायीपेक्षा अधिक काळ टिकेल.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, आणि त्या निमित्ताने आपल्याकडेही कार्यक्रम होतील, निधी जमा होईल. तो निधी वाटण्याचा ठराव करण्यापूर्वी मार्साबित, इसिओलो आणि मोयाले येथील गोतांच्या वडीलधाऱ्यांना आणि बचतगटांतील स्त्रियांना आपल्या विश्वस्तांच्या बैठकीत बोलवावे, त्यांचा प्रवासखर्च आपण करावा, आणि लाभार्थींची यादी, जनावरांची संख्या, जात आणि खरेदीचा बाजार यांवर त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. दिलेल्या जनावरांचे काय झाले हे एका वर्षाने आणि तीन वर्षांनी त्याच सभेकडून ऐकावे, आणि ते ऐकायला आपल्यापैकी कोणीतरी स्वतः जावे. भाषांतरासाठी, तसेच पशुवैद्यकीय तपासणी आणि लसीकरणाच्या आखणीसाठी माझ्याकडून जे होईल ते करण्यास मी तयार आहे, आणि या व्यवसायातील माझे काही सहकारीही वेळ देण्यास राजी आहेत. आपल्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पशुवैद्यक